कोंबड्यांचा वॉर्ड

सिस्टर कोंबड्यांना नावं ठेवत नसत. नावं त्या फक्त माणसांना ठेवत. कोंबड्यांना नंबर होते. बेड नंबर एक, बेड नंबर दोन, असे अकरापर्यंत. बेड म्हणजे विटांवर टेकवलेली फळी आणि तिच्यावर भाताची तणीस. प्रत्येक बेडच्या वर जाळीला एक पुठ्ठा टांगलेला आणि पुठ्ठ्याला सुतळीनं पेन्सिल बांधलेली.

"एखादं नाव ठेवा ना सिस्टर," मी सुरुवातीला एकदा म्हणालो होतो. "निदान त्या लंगडीला तरी."

"नाव ठेवलं का माणूस रडत बसतो गा," त्या म्हणाल्या. "नंबर ठेवला का काम करतो."

आणि त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिलं: बेड चार. दाणे खाल्ले. पाणी कमी. डावा पाय अजून टेकवत नाही.

सिस्टरचं खरं नाव ले-आऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या आमच्या वस्तीत, कोणी वापरल्याचं मला आठवत नाही. नागपुरात धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं नोकरी केली, शेवटी शेवटी मेट्रन म्हणून. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर "ड्यूटी होती" एवढंच सांगत, जणू एकाच दिवसाचा प्रश्न होता. माहेर उमरेडचं, विणकरांच्या घरातलं. भाऊ-भावजय अजून तिथंच राहत. रिटायर झाल्यावर सिस्टर बेसा रस्त्याच्या आत, आमच्या ले-आऊटमध्ये दोन खोल्यांच्या घरात राहायला आल्या. पांढरी साडी सुटली होती, पण छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ सुटलं नव्हतं.

आमच्या ले-आऊटच्या नकाशात बगीच्यासाठी सोडलेली एक जागा आहे. बरीच वर्षं तिथं गाजर गवताचाच बगीचा होता. मग लोकांनी ती साफ केली, बावीस वाफे पाडले आणि चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले. आमचा वाफा आईच्या हट्टानं घेतलेला. पुढं आईचे गुडघे गेले आणि वाफा माझ्याकडे आला. मी तेव्हा मिहानमध्ये एका कंपनीत होतो आणि दिवसाचे दहा तास खुर्चीत बसत असे, त्यामुळे मेथीला पाणी घालणं हा माझा व्यायाम होता. माझा नंबर सोळा, सिस्टरचा सतरा. शेजार मी निवडलेला नव्हता.

पहिल्या वर्षी सिस्टरनी फक्त सांबार लावला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तो त्यांनी फूटपट्टी लावून ओळीत पेरला होता आणि ओळ सोडून उगवलेली काडी त्या उपटून टाकत.

दुसऱ्या हिवाळ्यात त्या पुतणीच्या लग्नाला उमरेडला गेल्या. परत येताना रिंग रोडच्या वळणावर कोंबड्यांचा पिकअप उलटलेला त्यांना दिसला. पांढऱ्या, अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या त्या. अंडी कमी झाली की फार्मवाले त्यांना काढून टाकतात. पिंजरे फुटले होते आणि लोक दोन-दोन कोंबड्या बगलेत मारून पळत होते. धडधाकट होत्या त्या अशा गेल्या. मोडक्या तेवढ्या रस्त्यावर उरल्या.

पुढचं सगळं आम्हाला ऑटोवाल्यानं सांगितलं. तो सिस्टरना ले-आऊटच्या गेटपाशी सोडून अर्धा तास तिथंच उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होता.

"म्या म्हटलं, बाई, माह्या ऑटोत कोंबड्या नाही बसत. तर म्हणते कशी, बसणार नाहीत, झोपतीन! त्या पिकअपवाल्यानं हात जोडले, म्हणे घेऊन जा माय, मेलेल्याच हायेत. तर त्याले म्हणे, कोणी सांगतलं मेल्या? तुम्ही डॉक्टर हाय काय? त्याच्याच कपाळातून रक्त निघून राहिलं होतं भाऊ. आधी त्याले पट्टी बांधली, मंग कोंबड्यांले."

लग्नात आहेर म्हणून मिळालेले ब्लाउज पीस सिस्टरनी तिथं रस्त्याच्या कडेला बसून फाडले होते. अकरा कोंबड्या आल्या त्या पायांना आणि पंखांना जरीच्या, चौकड्याच्या, मोतिया रंगाच्या पट्ट्या बांधून. त्या मोतिया रंगाबद्दल आमच्या गल्लीतल्या बायका अजून हळहळतात.

सतरा नंबरच्या वाफ्यात जाळीची शेड उभी राहिली. पहिल्या तीन दिवसांत दोन गेल्या, बेड दोन आणि बेड नऊ. ते नंबर सिस्टरनी पुन्हा कोणाला दिले नाहीत. नऊ उरल्या.

आम्हाला वाटलं होतं, कोंबडी मातीवर सोडली की उकरायला लागते. ह्या नऊ लागल्या नाहीत. जन्म पिंजऱ्याच्या तारांवर गेलेला. जिथं ठेवाल तिथं उभ्या राहत आणि पुढचं पाऊल कुठं टाकायचं हे कोणी सांगेल म्हणून वाट पाहत. सिस्टर एकेकीला पंखांखाली हात देऊन चालवत. सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला. कमरेतून वाकून, वाफ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऑफिसला निघालेली माणसं गाडी थांबवून पाहत.

"फिजिओथेरपी," सिस्टर त्यांच्याकडे न पाहता सांगत.

अकराव्या की बाराव्या दिवशी मी मेथी खुडत होतो. पलीकडून सिस्टरचा आवाज आला. त्या मला हाक मारत नव्हत्या, नुसतं जाहीर करत होत्या.

"बेड तीननं माती उकरली. उजव्या पायानं. सात वाजून बावीस मिनिटं."

मी उठून पाहिलं. त्या बेड तीनच्या पुठ्ठ्यावर लिहीत होत्या आणि लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. मी छत्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल त्यांना पुष्कळ काही विचारलं असेल, पण त्या दवाखान्यात काय करत असतील ते मला त्या मोडलेल्या टोकामुळे समजलं.

त्या उमरेडला जात तेव्हा कोंबड्या माझ्याकडे सोपवून जात. सोपवणं म्हणजे ड्यूटी हँडओव्हर. ते अर्धा तास चाले, उभ्यानं. परत आल्या की माझ्याकडून तसंच घेत.

"बेड पाच?"

"ठीक आहे, सिस्टर."

"ठीक म्हणजे काय?"

"म्हणजे... बरी आहे."

"ठीक हे काही ऑब्झर्वेशन नाही. खाल्लं किती? हागली किती? रंग कोणता?"

मी कंपनीत चौदा माणसांच्या टीमचा प्रमुख होतो. दर सोमवारी साहेबांपुढे आकडे मांडत असे. त्या दिवसानंतर माझे आकडे सुधारले, हे मला मान्य केलं पाहिजे.

कोंबड्यांना भेटायची वेळ साडेपाच ते सहा. बाहेरचं खायला देऊ नये, अशी पाटी होती. तरी कोणीतरी एका रविवारी जाळीतून उरलेले तर्री-पोहे टाकले आणि बेड सहाला जुलाब लागले. सिस्टरनी तीन दिवस चौकशी केली. घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारला, "शनिवारी रात्री हरभरे कोणी भिजवले होते?" आमच्याकडे पोह्यांवरच्या तर्रीत, म्हणजे तिखट रश्श्यात, हरभरे असतात, तेव्हा प्रश्न बिनतोड होता. चौथ्या दिवशी एका रिटायर्ड प्राध्यापकांनी स्वतः येऊन कबुली दिली आणि आठवडाभर पिण्याचं पाणी भरलं.

रविवारी सिस्टरच्या घरी सावजी चिकन होई. असंतसं नाही, तीन घरं पलीकडे ठसका लागेल असं. ले-आऊटच्या सेक्रेटरींना ही गोष्ट फार टोचत असे. एका रविवारी त्यांनी सिस्टरना दारातच गाठलं.

"देखो सिस्टर, हे काही बरोबर नाही. इकडे कोंबड्यांची सेवा, अन् तिकडे चुलीवरच्या गंजात कोंबडी?"

"ती माझी पेशंट नव्हती," सिस्टर म्हणाल्या आणि कांदा चिरायला आत गेल्या.

सेक्रेटरींबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात ते आहेत. एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. लेखी अर्जाची त्यांना आवड होती. माझ्या दोडक्याचा वेल त्यांच्या वाफ्यात शिरला तेव्हा समोर उभं राहून त्यांनी मला नोटीस दिली आणि पोच घेतली. दार, खिडकी, गेट, जे दिसेल ते ते नीट लावून त्याला वरून सुतळीची गाठ मारत.

पहिल्या पावसाळ्यानंतर त्या नऊपैकी चार-पाच कोंबड्या अधूनमधून अंडी देऊ लागल्या. ले-आऊटात आनंद पसरला. जागा सगळ्यांची, तेव्हा अंडी आळीपाळीनं वाटावीत, असा ठराव करायचं चाललं होतं. सिस्टरनी सांगितलं की पेशंटकडून काही घेत नसतात. मग अंड्यांचं करता काय? तर उकडून, कवचासकट कुस्करून त्या कोंबड्यांनाच परत खायला घालत. "त्यांचं कॅल्शियम हाय, त्यांनाच गेलं."

त्याच आठवड्यात सेक्रेटरींची वासाबद्दल पहिली तक्रार आली. दुसरी माश्यांबद्दल. तिसरी आवाजाबद्दल, आणि ती वार्षिक सभेपुढे ठेवली गेली. सभा वाफ्यांच्या मधल्या पारावर भरली होती. सिस्टर घड्याळ लावून आल्या आणि पाळी आल्यावर उठल्या.

"कोंबड्या आवाज करतात अशी तक्रार हाय. बरोबर हाय. आल्या तेव्हा दोन महिने एकीच्याही गळ्यातून आवाज नव्हता. तेव्हा कोणी तक्रार केली नाही का ह्या मुक्या काहून हायेत. आता आवाज येऊन राहिला, म्हणजे बऱ्या होऊन राहिल्या. आणखी बऱ्या झाल्या तर आणखी आवाज करतीन. माझं म्हणणं झालं."

त्या बसल्या. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, "विषय पुढील सभेपर्यंत स्थगित." पुढच्या सभेतही तो स्थगितच राहिला.

उन्हाळ्यात सिस्टरनी घरातला कूलर उचलून कोंबड्यांच्या शेडला लावला. वायर माझ्या घरून ओढली. दुपारी बारा ते चार त्या स्वतः शेडमध्येच खुर्ची टाकून बसत. मी म्हटलं, इतक्या उन्हात घरी तरी बसा. त्या म्हणाल्या, "घरी कूलर नाही."

असं दीड-दोन वर्षं चाललं होतं.

त्या वर्षी संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. आमच्या ले-आऊटच्या मागच्या बाजूला, नाल्यापलीकडे एक कोंबड्यांची शेड होती. तिथं दोन दिवसांत शंभरेक कोंबड्या मेल्या. नमुने तपासायला गेले आणि बर्ड फ्लू निघाला. पशुसंवर्धनची माणसं नकाशा घेऊन आली. त्या शेडभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलेलं होतं आणि आमचे बावीसही वाफे त्याच्या आत होते. वर्तुळाच्या आतली सगळी कोंबडी-बदकं, आजारी असोत की नसोत, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नष्ट करायची होती.

संध्याकाळी पाचच्या राऊंडला निम्मा ले-आऊट जाळीपाशी जमला. भेटायची वेळ व्हायची होती, पण सिस्टरनी कोणाला हटकलं नाही. सगळ्यात पुढं सेक्रेटरी होते.

"सिस्टर, नऊच तर हायेत," ते दबक्या आवाजात म्हणाले. "नऊ घरांत एक-एक ठेवू. चार दिवसांत मामला थंडा. कागदावर मी लिहून देतो, का इथं कोंबड्या नव्हत्याच."

ज्या माणसानं आयुष्यात खोटी पोच दिली नव्हती तो हे म्हणत होता.

"तुमच्या घरी नात हाय ना?" सिस्टरनी विचारलं. "केवढी?"

"अडीच वर्षांची."

"मंग घरी जा."

त्यांनी राऊंड पूर्ण केला, पुठ्ठे लिहिले आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गेलो तेव्हा सिस्टर जाळीबाहेर उभ्या होत्या. आत आठ कोंबड्या होत्या. बेड चार रिकामा होता, ती लंगडी. दाराची कडी नीट लावलेली होती आणि कडीला वरून सुतळीची गाठ मारलेली होती. सिस्टरनी गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चल गा," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरींनी दार उघडलं ते कानटोपी घालून. डोळे लाल झाले होते.

"कोणती कोंबडी?" आम्ही काही विचारायच्या आधीच ते म्हणाले.

आत बाथरूममधला नळ पूर्ण सोडलेला होता. त्या आवाजातूनही बारीक क्लक् क्लक् ऐकू येत होतं.

"नळ बंद करा," सिस्टर म्हणाल्या. "पाणी वाया चाललं."

सेक्रेटरी आत गेले, नळ बंद केला आणि बाथरूमच्या दारात आडवे उभे राहिले.

"एकच राहू द्या सिस्टर. आठ तर नेऊनच राहिले ते लोक. हिले काही झालेलं नाही. रातभर पाहिलं मी, चांगली हाय."

"दिसत नसते ती लागण. दिसते तोवर वेळ गेलेली असते."

"एकीनं सरकारले काय फरक पडते?"

"सरकारले नाही पडत." सिस्टरनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथून लहान मुलाच्या खोकल्याचा आवाज आला. साधा, थंडीचा खोकला. पण आम्ही तिघांनीही तो ऐकला.

सेक्रेटरी बाजूला झाले. बेड चार एका बादलीत बसली होती. बादलीत तणशीऐवजी शाल होती, जरीकाठाची. कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना सत्कारात मिळालेली. सिस्टरनी कोंबडी उचलली, पाय मोकळा आहे ना ते बोटांनी पाहिलं.

"शालही द्या. ती ठेवता येणार नाही. बादली अन् बाथरूम ब्लीचिंगनं धुवा. अन् धुवून झालं का आंघोळ करा, गरम पाण्यानं."

सेक्रेटरींनी शाल घडी करून दिली. दोनदा घडी केली, कारण पहिल्यांदा कडा जुळल्या नव्हत्या.

अकरा वाजता पांढरे किट घातलेली चार माणसं आली. त्यांच्या पुढं एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिनं अदबीनं सांगितलं की पाळणाऱ्यानं आत थांबायचं नसतं, लांब उभं राहावं.

"मले नियम माहीत हाय, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. "नियम मोडा म्हणून नाही म्हणून राहिली मी. कोरोनात माझ्या वॉर्डात एक माणूस गेला. त्याची बायको दारात उभी होती. हात जोडून उभी होती. मी आत नाही येऊ दिलं. नियम होता, अन् बरोबर होता, आज तशी वेळ आली असती तरी तेच केलं असतं. पण तो गेला तेव्हा त्याचा हात माह्या हातात होता. बाहेर येऊन मले त्या बाईले तेवढं तरी सांगता आलं, का तो एकटा नव्हता. ह्या नऊ जणींच्या दारात कोणी उभं नाही, कोणाले सांगायचं नाही. तरी बाजूले कोणी असावं."

सिस्टरनी आवाज बदलला.

"तुमच्या टीममध्ये पकडणाऱ्याची नावं लिहायची असतात ना? ट्रेनिंग झालेलं माणूस चालतं. मी छत्तीस वर्षं नर्स होती. किट घालता येते. गोळ्या घेईन, दहा दिवस घरात राहीन. माझं नाव लिहा."

डॉक्टरनं यादी काढली आणि नाव लिहिलं. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि इथं लिहीत नाही.

आम्ही भिंतीपलीकडे उभे होतो. कोणत्या किटमध्ये कोण आहे ते कळत नव्हतं, पण सिस्टर आवाजावरून कळत होत्या. एकेकीला उचलून छातीशी धरत आणि नंबर मोठ्यानं सांगत. "बेड एक." मग थोडा वेळ काही नाही. "बेड तीन." पुन्हा थोडा वेळ. एकही कोंबडी ओरडली नाही, फडफडली नाही. त्या हातांना त्या ओळखत होत्या. मला वाटतं, ऐकायला सगळ्यात कठीण तेच होतं. "बेड अकरा" झाल्यावर सेक्रेटरी भिंतीला टेकून खाली बसले.

शेवटी सिस्टरनी जाळीचे नऊ पुठ्ठे काढले, प्रत्येकावर शेवटची वेळ लिहिली आणि ते डॉक्टरपुढे धरले.

"ह्यांची गरज नाही, सिस्टर. इथलं सगळं खड्ड्यातच जाणार, दाणे, तणीस, सगळंच."

"माहीत हाय. पेशंट जाते तिकडे पेपर जाते."

पुठ्ठे कोंबड्यांबरोबर खड्ड्यात गेले. वर चुना पडला. शाल त्यातच होती.

दहा दिवस सिस्टर घरात बंद राहिल्या. रडल्या का, हे मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराच्या जाळीच्या दाराला बाहेरून एक नवा पुठ्ठा टांगलेला दिसला. आत राहून त्या तो रोज सकाळ-संध्याकाळ लिहीत, आम्हाला वाचता यावा म्हणून बाहेर अडकवत. ताप नाही. खोकला नाही. झोप दोन तास. जेवण नाही. सिस्टर खोटं लिहीत नसत, त्यामुळे ले-आऊटला सगळं कळत होतं. लोक पायरीवर डबे ठेवून जाऊ लागले. सातव्या दिवशी पुठ्ठ्यावर आलं: अर्धी पोळी, वरण. त्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर इतके हात जोडले गेले की कोणाला वाटावं, एखाद्याचं ऑपरेशन पार पडलं.

अकराव्या दिवशी त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या. उमरेडला भावाकडे चालल्या होत्या. किती दिवस, ते सांगितलं नाही. गेटपाशी सेक्रेटरी उभे होते. ते मुद्दामच उभे होते.

"सिस्टर, एक विचारू? त्या दिवशी मी बाजूले झालोच नसतो, तर काय केलं असतं?"

"पोलीस बोलावला असता."

"अन् मंग?"

"पोलीस येईपर्यंत तुमच्या बाथरूममध्ये बसली असती. तिनं सकाळपासून पाणी नव्हतं पेलं."

त्या ऑटोत बसल्या.

शेडची परवानगी तीन महिने बंद होती. कमिटीच्या बैठकीत कोणीतरी सुचवलं की तोवर तिथं फावडी-टोपल्या ठेवू. सेक्रेटरी म्हणाले, जागा राखीव आहे. कोणासाठी राखीव, असं विचारल्यावर ते म्हणाले, लिहून विचारा. दरम्यान त्यांनी खात्याला अर्ज पाठवला, की सदर जागेवर पुन्हा कोंबड्या पाळता येतील का आणि केव्हापासून. मग पहिलं स्मरणपत्र, दुसरं, तिसरं. उत्तर आलं तेव्हा उन्हाळा लागला होता. परवानगी होती. ते पत्र त्यांनी पोस्टानं पाठवलं नाही, फोनवर फोटोही पाठवला नाही. एसटीनं उमरेडला गेले आणि हातात दिलं. परत आल्यावर मी विचारलं, सिस्टर काय म्हणाल्या?

"म्हणाल्या, तुमचे पाय काहून सुजले? डॉक्टरले दाखवा."

"आणि पत्राबद्दल?"

"पत्र दोनदा वाचलं. मंग आतून पिशवी आणली अन् म्हणाल्या, परतीची एसटी किती वाजता हाय."

त्याच महिन्यात मला हैदराबादला बदली मिळाली. आईला घेऊन मी निघालो. सोळा नंबरचा वाफा दुसऱ्या कोणाला गेला. सिस्टरना फोन केला तर त्या दोन मिनिटांत ठेवत. खुशाली विचारली तर "ठीक" म्हणत नसत, रक्तदाबाचा आकडा सांगत.

दीड वर्षानं कंपनीच्या कामासाठी नागपूरला आलो. काम दहानंतर सुरू होणार होतं, म्हणून सकाळी आधी बगीच्याकडे गेलो. सात वाजून गेले होते. शेडमध्ये कोंबड्या होत्या, सहा-सात. एका फार्मनं काढून टाकलेल्या, पिसं झडलेल्या, माना उघड्या पडलेल्या. जाळीला नवे पुठ्ठे होते. आत, उलट्या बादलीवर सेक्रेटरी बसले होते. पायात रबरी बूट, मांडीवर एक कोंबडी आडवी. सिस्टर समोर वाकून तिच्या पायाला पट्टी बांधत होत्या. त्या थकल्या होत्या. गाठ दुसऱ्यांदा सुटली.

"धरा म्हटलं का धरा, सेक्रेटरी साहेब. गोंजारू नका. गोंजारलं का ते पाय ओढते."

"मी कुठं गोंजारून राहिलो?"

"अंगठ्यानं गोंजारून राहिले तुम्ही. मले दिसते."

मी जाळीबाहेरून "सिस्टर" म्हणालो. त्यांनी वर पाहिलं, घड्याळ पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"जोडे बाहेर काढ. हात धुवून ये, कोपरापर्यंत. साबण तिथं हाय."

मी जोडे काढले, कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेलो. कसा आहेस, कधी आलास, असं कोणी विचारलं नाही. सेक्रेटरी बादलीवर जरासे सरकले आणि मला कोंबडीचा दुसरा पाय धरायला दिला.